गटाराचं तीर्थ

होडीत सून माझ्या शेजारी बसली होती, आणि नऊ महिन्यांत आम्ही दोघं धड बोललो नव्हतो. जेवायला वाढलंय, गोळी घेतली का, बाहेर जाताना टोपी घाला, एवढंच. तेही ती बोलायची आणि मी मान हलवायचो.

कारण सरळ सांगतो. माझी बायको ऑपरेशनच्या टेबलावरून उठली नाही. तेराव्याला पंगत बसली होती, सगळे सोयरे होते, आणि मी सुनेकडे बोट करून म्हणालो, "हिने फोनवरून भरीला घातलं. हिच्या शहाणपणापायी गेली ती." सून तेव्हा वरण वाढत होती. थांबली नाही. शेवटच्या पानापर्यंत गेली. चार दिवसांनी ती आणि मुलगा विमानाने परत गेले. मी बोललो ते खोटं होतं. बोलत होतो तेव्हाही मला ते ठाऊक होतं.

मुलगा हॉलंडात आइंडहोवनला असतो. कॉम्प्युटरच्या चिपा तयार करायची यंत्रं बनवतात, तिथे इंजिनिअर आहे. एकटा कुठे राहता म्हणून त्याने मला तीन महिन्यांच्या व्हिसावर आणलं. त्यातले दहा दिवस उरले होते. परत नाशकात गेलो की दोन खोल्या आणि मी. हे न मिटवता गेलो असतो तर पुन्हा या घरात पाय ठेवायला तोंड राहिलं नसतं, आणि पोरगा आम्हा दोघांच्या मधे झिजत राहिला असता. मिटवायचं तर होतं. पण कसं? आमच्याकडे सासरा सुनेची माफी मागत नाही. मागितलेली मी तरी कुठे पाहिली नाही.

त्या शनिवारी तिघांनी डेन बॉशला जायचं ठरलं होतं. जुनं गाव आहे, आइंडहोवनहून रेल्वेने जवळच. ऐन निघताना मुलगा म्हणाला, "मला ऑफिसचं काम आलंय. तुम्ही दोघं जा."

"शनिवारी कसलं ऑफिस?"

"मशीनला शनिवार नसतो, बाबा."

खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. लहानपणापासून. सून चपला घालून जिन्यात उभीच होती.

डेन बॉशची गंमत अशी की नदी गावाच्या बाजूने नाही, गावाच्या पोटातून जाते. जागा पुरेना म्हणून लोकांनी नदीवरच कमानी टाकून घरं बांधली. वर बाजार, वर रस्ता, खाली पाणी. उघडी लांबट होडी त्यातून फिरवतात आणि मागे बसलेला माणूस होडीही हाकतो आणि माहितीही सांगतो. मला ते नवल वाटलं नाही. आमच्या जुन्या नाशकात सराफ बाजाराखालून सरस्वती नाला असाच जातो. फक्त त्यात कोणी तिकीट काढून बसत नाही.

होडी चालवणारा माझ्याच वयाचा होता. पांढऱ्या मिशा, हातावर म्हातारपणाचे डाग. रिटायर झाल्यावर हौसेने करतात म्हणे. बाकी बारा-चौदा जण त्याच्याच देशाचे होते. तो डचमधून सांगायचा, ते हसायचे, मग सून मला मराठीत सांगायची, मग मी हसायचो का नाही ते ठरवायचो. तोवर पुढचं घर यायचं.

चाळीस वर्षं मी हेच काम केलंय. नाशकात रिक्षा चालवली, पण नुसती भाड्याची नाही. यात्रेकरूंना पंचवटी दाखवायचो. सीतागुंफा, काळाराम, तपोवन, रामकुंड. शाळा चौथीपर्यंत, पण चार भाषांतून सीताहरण सांगता यायचं. त्यामुळे त्या माणसाचं बोलणं मला कळत नव्हतं तरी त्याचा धंदा कळत होता. एका खिडकीपाशी त्याने मोटर मंद केली, आवाज खाली आणला, बोट वर केलं.

"थापा मारतोय," मी म्हणालो.

सून दचकली. म्हणजे मी आपणहून बोललो याने दचकली. "तुम्हाला डच कळलं?"

"डच नाही कळलं. थाप मारताना गाडी हळू करावी लागते. मी पण करायचो. काय म्हणाला?"

"या खिडकीतली बाई खाली टोपली सोडायची आणि होडीवाल्यांनी त्यात मासे टाकले की वरून त्यांना शिव्या द्यायची."

"बघ. शिव्या कोणी लिहून ठेवल्या?"

ती ओठ दाबून समोर बघायला लागली.

मला बायको आठवली. सीझनला गर्दी असली की ती रिक्षात पुढे माझ्या शेजारी बसायची, अर्धी आत, अर्धी बाहेर, पायाशी पाण्याचा कॅन. बायामाणसांना पाणी द्यायची, पोरं धरायची, कुठे साडी बदलायला जागा आहे ते सांगायची. एकदा सुरतेचं कुटुंब होतं. त्यांना घाई होती, पंचवटीतल्या मूळ वडांपाशी गर्दी होती, म्हणून मी दुसऱ्याच गल्लीतला एक वड दाखवून म्हणालो, हाच तो. ते हात जोडून उभे. ही मोठ्याने म्हणाली, "काल हा वड पलीकडच्या गल्लीत होता. रात्रीतून चालत आला वाटतं." सुरतेच्या म्हातारीला मराठी येत होतं. ती एवढी हसली की तिच्या दातांची कवळी सुटली. मी तणतणत खऱ्या जागी नेलं. संध्याकाळी ही मला म्हणाली, "देवाच्या दारात तरी खरं बोला हो. लोक लांबून येतात." नंतर मी थापा मारल्या नाहीत असं नाही. पण ती शेजारी असताना नाही.

होडीचा काठ बुटका होता. पाणी हाताशी होतं, काळसर पण स्वच्छ, तळाचा दगड दिसेल इतकं. आमच्याकडे वाहत्या पाण्यावर गेलं की आधी त्याला हात लावतात. बायको तर एस.टी.तून जाताना प्रत्येक पुलावर हात जोडायची, नाणं टाकायची. प्रवरा म्हणू नका, दारणा म्हणू नका. माझा हात आपोआप खाली गेला. ओंजळ घेतली, डोळ्यांना लावली, डोक्यावरून फिरवली, उरलेले दोन थेंब तोंडात टाकले. बाजूला बघतो तर सुनेनेही तेच केलं होतं. हातावरचं पाणी पिऊन ओला हात केसांना पुसत होती.

मोटर बंद झाली. मागच्या माणसाने सुनेला काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं. त्याने कपाळाला हात लावला आणि सगळ्यांना काहीतरी सांगितलं. पूर्ण होडी आमच्याकडे वळून हसली. वाईट नव्हे, पण हसली. सुनेचं तोंड लाल झालं.

"काय म्हणाला?"

"काही नाही, बाबा."

"सांग की."

"म्हणाला, शेकडो वर्षं या गावाचं गटार हेच होतं. घरांचे संडास पाण्यावर बाहेर काढलेले असायचे. तो दगडी कोनाडा आहे ना, तसे."

मी वर बघितलं. कोनाडा बरोबर माझ्या डोक्यावर होता.

"आता स्वच्छ केलंय म्हणाला. पण पिऊ नका."

"मी प्यायलो."

"मी पण," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. दाबलं तर जास्तच आलं. मलाही आलं. पोट दुखेपर्यंत दोघं हसलो. समोरच्या डच बाईने काही न विचारता तिला कागदी रुमाल दिला.

हसणं थांबलं तेव्हा होडी कमानीखाली शिरत होती. डोकं वाकवावं लागेल इतकी खाली. आत गार होतं, अंधार होता, विटांवरून पाणी ठिबकत होतं. वर कुठेतरी माणसं चालत होती त्याचा बारीक आवाज. त्या अंधारात सून म्हणाली, "ही होडी आईंनी बघितली होती. मी व्हिडिओ कॉलवर दाखवली होती मागच्या वर्षी. म्हणाल्या, मला यात बसव. श्वास तेवढा नीट झाला की येते."

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोला कुठल्या होडीत बसायचं होतं ते मला ठाऊक नव्हतं.

मग मी बोललो. चेहरा दिसत नव्हता म्हणून बोललो असेन. "सही मी केली. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरने मला एकट्याला आत बोलावलं होतं. म्हणाला, वय आहे, जोखीम आहे, मुलाशी बोला, दोन दिवस घ्या. कळलं का म्हणाला. मी कळलं म्हणालो. अर्धं कळलं होतं. परत विचारायची लाज वाटली. तिथल्या तिथे सही केली आणि बाहेर येऊन सांगितलं, काही नाही, किरकोळ आहे. तू फक्त करून घ्या म्हणाली होतीस. जोखमीचं तुम्हाला कोणाला मी सांगितलंच नाही."

होडी सावकाश चालली होती.

"मला माहीत आहे," सून म्हणाली.

"कसं?"

"आईंनीच सांगितलं होतं, आदल्या दिवशी फोनवर. म्हणाल्या, डॉक्टरकडून बाहेर आले आणि म्हणतात सगळं कळलं. ह्यांना सगळं कळलं म्हणजे काहीच कळलेलं नाही. मग त्यांनी नर्सला गाठून स्वतः विचारून घेतलं. मी म्हटलं, आई, थांबा मग. तर म्हणाल्या, नाही, मला जिना चढून दमायचा कंटाळा आलाय. आणि ह्यांना काही बोलू नकोस."

म्हणजे तिला सगळं कळून ती आत गेली होती. मला सांगितलं नाही, कारण मी कोलमडलो असतो. कोलमडलोच असतो.

"मग तेराव्याला तू गप्प का बसलीस?"

"आईंना शब्द दिला होता." मग म्हणाली, "पण बाबा, माझ्या हातात वरण होतं. तुम्ही बोललात आणि नंतर प्रत्येक जण ताटावर हात आडवा धरत होता. नको म्हणत होते. माझ्या हातचं नको. पुढचे चार दिवस मला कोणी चहा विचारला नाही. तुमच्या मुलाशिवाय."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"इथे अंधारात मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तिथे सगळ्यांसमोर बोलला होतात."

खरं होतं.

होडी उजेडात आली, धक्क्याला लागली. उतरताना त्या माणसाने मला हात दिला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. मी त्याला मराठीतच म्हणालो, "चांगली चालवता." तो डचमध्ये काहीतरी म्हणाला. आमचं भागलं.

धक्क्याजवळ बाक होता. मी बसलो आणि फोन काढला. बायकोच्या थोरल्या भावाला लावला. तेराव्याला माझ्या बाजूने सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता. स्पीकर चालू केला. सून उभीच राहिली.

"बोला दाजी. थंडी आहे का तिकडे?"

"थंडी राहू द्या. तेराव्याला मी सुनेबद्दल बोललो ते खोटं होतं."

"आता कशाला ते उकरता?"

"ऐका. डॉक्टरने मला दोन दिवस विचार करा म्हणून सांगितलं होतं. मी कोणाला न विचारता सही केली. पोरीचा काही संबंध नाही. तिला माझ्यामुळे बोल लागला."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"जोखीम आहे म्हणाला होता डॉक्टर?"

"हो."

"दाजी, ती माझी बहीण होती. मला एक फोन करायचा होतात."

"हो."

"मी गाडी करून आलो असतो. निदान भेटलो तरी असतो."

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार. "सगळ्यांना सांगा. वर्षश्राद्धाला मी पंगतीत उभा राहून सांगणारच आहे, पण तोवर तुम्ही सांगा."

तो म्हणाला, "सूनबाई आहे का तिथे? तिला द्या."

तिने फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि पुलापर्यंत चालत गेली. मला फक्त पाठ दिसत होती. मधे एकदा तिने डोळे पुसले. एकदा हसल्यासारखी वाटली. परत आली तेव्हा फोन माझ्या हातात देऊन बाकावर बसली. इतके दिवस ती बसायची तर मधे पिशवी ठेवायची. पिशवी आज मांडीवर होती.

"मामा रागावलेत तुमच्यावर. महिनाभर बोलणार नाहीत म्हणाले."

"रागवू देत. त्यांचा हक्क आहे."

"मला वर्षश्राद्धाला या म्हणाले. वाढायला मीच पाहिजे म्हणाले."

"येशील?"

"बघते. सुट्टी मिळाली तर." मग पाण्याकडे बघत म्हणाली, "माझा राग एका फोनने जाणार नाही, बाबा."

"नको जाऊ दे."

स्टेशनला जाताना ती नेहमीसारखी पुढे चालली नाही. गाडीत समोरासमोर बसलो. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मला बघायला आला होतात तेव्हा आईंना मी कशी वाटले होते?"

मला गोड बोलता येत नाही. "फार बोलते म्हणाली होती."

"आणि तुम्हाला?"

"मला वाटलं, बरं आहे. आमचा पोरगा मुका आहे, घरात कोणीतरी बोलेल."

ती म्हणाली, "मग नऊ महिने?"

मी म्हणालो, "फार लांबले ते." ती बोलायला लागली. आईंनी तिला पहिल्या भेटीत काय विचारलं, कुठली साडी नेसल्या होत्या, परत जाताना तिच्या आईच्या कानात काय सांगितलं. त्यातलं बरंचसं मला माहीत नव्हतं. मी ऐकत राहिलो. आइंडहोवन आलं तरी तिचं सांगून झालं नव्हतं.