भिंतीपलीकडची अबोली

वाशीमला आमच्या शेजारच्या वकिलांनी रत्नागिरीहून अबोली आणली आणि भटजी बोलावून, पूजा करून लावली. बारमाही फुलणारं ते झुडूप पाहून मी जळत असे. फांदी मागितली तर म्हणाले, "कोकनातली चीज हाय मास्तर, तुमच्या अंगनात नाई जगनार."

रोज सकाळी कोट चढवून ते चारचौघांदेखत तिला झारीनं पाणी घालत. पुढच्या वर्षी माझ्या बाजूला भिंतीलगत अबोली उगवली, फुललीही.

"फांदी कवा चोरली, मास्तर?"

मी तिचं वाळकं बोंड त्यांच्या तळहातावर ठेवून पाणी शिंपडलं. क्षणभरानं ते तडकलं आणि बी भिंतीपर्यंत उडालं. वकील हात झटकून आपल्या झारीकडे वळले.

तरीही त्यांची फुलं माझ्या फुलांपेक्षा जास्त केशरी होती. ते मला अजून खुपतं.