मोनालीचा भोंगा

राळेगाव तालुक्यातल्या त्या गावात मोनाली खोब्रागडेला आता सगळे ‘भोंगेवाली’ म्हणतात. सुरुवातीला तिला राग यायचा. आता ती ओ देते.

यामागं एक वाईट दुपार आहे. सोयाबीनची सोंगणी चालू होती. आभाळ भरून आलं तशा बाया बांधावरच्या लिंबाखाली गेल्या आणि तिथंच वीज पडली. त्यांतली मोतीबाई जागच्या जागी गेली. मोनालीची मोठी माय, म्हणजे मोठी काकू, रुखमाबाई वाचली, पण डाव्या कानानं कायमची बहिरी झाली. संध्याकाळी मोनालीचे वडील राजदीप मोबाईल हातात घेऊन ओट्यावर नुसते बसून होते. विजेची सूचना त्यांच्या फोनवर कधीचीच येऊन पडली होती. ते चौकात होते, बाया वावरात.

“फोन कोन नेते वावरात?” रुखमाबाई नंतर म्हणाली. “सोयाबीन सोंगाव का फोन सांभाळाव?”

मोनाली तेव्हा यवतमाळला पॉलिटेक्निकला होती. आपल्या गावची अडचण सोडवा, अशी देशभरातल्या पोरांसाठी हॅकेथॉन स्पर्धा निघाली, तेव्हा तिला विषय शोधावा लागला नाही. तिची जोडीदार शाल्मली यवतमाळातल्या वकिलाची मुलगी. तिच्या डोक्यात पार्किंगचं ॲप होतं. मोनालीनं तिला एकदा गावी नेलं, रुखमाबाईजवळ बसवलं. परतताना एसटीत शाल्मलीनं पार्किंगचं नावही काढलं नाही.

दोघींनी जुळवाजुळव केली. फोनवर विजेची सूचना आली, की बुद्धविहारावरचा भोंगा आपोआप वाजेल. निवड झाली, आणि अंतिम फेरीसाठी दोघी नागपुरात पोचल्या.

पहिल्याच दिवशी परीक्षकांनी विचारलं, “मोबाईलचा टॉवर बंद पडला तर?”

शाल्मली काहीतरी सावरून घेणार, तेवढ्यात मोनाली बोलून गेली, “तर नाही वाजणार, सर. आणि आमच्याकडे आभाळ आलं की आधी टॉवरच जातो.”

बाहेर आल्यावर शाल्मली भडकली. “कशाला सांगितलंस? त्यांना काय कळणार होतं?”

“त्यांना नसतं कळलं. बायांचं काय?”

मोनाली पायरीवर बसून राहिली. टॉवर नको, फोन नको, मग वीज कळायची कशी? आणि तिला लहानपणची क्रिकेटची कॉमेंट्री आठवली. ढग यायच्या आधीच रेडिओ असा काही खरखरायचा, की नेमकी विकेट कुणाची गेली ते कळायचंच नाही. तिची चिडचिड व्हायची. दूरवरची वीज रेडिओला आधी कळते! ती ताडकन उठली. दोघींनी सीताबर्डीचा बाजार पालथा घालून एक जुना रेडिओ मिळवला आणि उघडून त्याची खरखर भोंग्याला जोडली.

पण दुसऱ्या दिवशी भर सभागृहात वीज आणायची कुठून? मोनालीनं चहावाल्याकडून गॅसचा लायटर मागून आणला आणि रेडिओजवळ धरून खटखट दाबला. ठिणगी उडाली, रेडिओ खरखरला, आणि भोंगा असा बोंबलला की परीक्षकांनी कानांवर हात ठेवले. मग ते हसले. दोघींना दुसरा क्रमांक मिळाला.

खरी परीक्षा गावात झाली. विहारावर यंत्र बसलं आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी वेल्डिंग सुरू केलं तसा भोंगा वाजला. बाया धावत घरी आल्या. वर लख्ख ऊन! मजुरी बुडाली. शेतमालक पंजाबराव दारात येऊन बोलले, “पोरी, हा खेळ कायले मांडला वं?”

मोनाली उलटून बोलली नाही. दर सुटीला ती विहाराच्या गच्चीवर चढायची. वेल्डिंगची खरखर सलग असते, विजेची थांबून थांबून येते आणि जवळ येत जाते. तो फरक यंत्राला शिकवता शिकवता उन्हाळा सरला.

पुढं कापूस फुटला. एका दुपारी पश्चिमेला जरासं काळवंडलं आणि भोंगा वाजला. वावरात पंजाबराव म्हणाले, “वेचा, वेचा. वेल्डिंगवालाच असन.”

मोनालीची आई ममता घुटमळली. लेकीचा भोंगा, पण दिवसाची मजुरी. रुखमाबाईनं मात्र कमरेची कापसाची ओटी सोडून खाली ठेवली.

“मले एका कानानं येते ऐकू, तेवढं बस हाये. मी चालली. ज्याले थांबाचं त्यानं थांबा.”

ती निघाली तशी ममता निघाली, मग एकेक करत सगळ्याच. शेवटी पंजाबरावही. सगळे शाळेच्या व्हरांड्यात पोचले आणि आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. कापसाच्या ज्या ओळीत बाया वेचत होत्या, तिच्या टोकाच्या बांधावरचं बाभळीचं झाड मधोमध चिरलं होतं.

रविवारी मोनाली घरी आली, तर पंजाबराव ओट्यावर बसलेले. यावेळी आवाज खाली होता.

“बेटा, नाल्यापलीकडच्या माह्या वावरात ऐकूच येत नाही. तिकडंही बसवतं का एक?”

“चला, काका,” मोनाली म्हणाली, “जागा दाखवा.” आणि चहा न घेताच ती त्यांच्या गाडीवर मागं बसली.