नापास कलमांची पाटी

मी नापास केलेली बाई काल गेली.

यमुनाबाई. गाव साखरशेत, तालुका जव्हार. आमच्या वाडी प्रकल्पातली स्वतःची रोपवाटिका काढणारी पहिली बाई.
'आमच्या' हा शब्द मी उगाच वापरला. त्यात आमचा काडीचाही वाटा नव्हता.

कालपासून माझे जुने सहकारी 'आम्ही घडवलेली उद्योजिका' म्हणून तिचे फोटो टाकत आहेत.
मित्रहो, त्या दिवशी तुम्ही माझ्यामागे उभे राहून हसत होता.

नव्वदचे दशक संपत आले होते. डोंगरउतारावर आंबा-काजू, बांधाला साग नि बांबू, मधल्या पट्ट्यात नागली, अशा वाड्या आम्ही उभ्या करत होतो. उद्यानविद्येचे सुवर्णपदक मिरवणारा मी, कलमांचा परीक्षक.
पास झालेली आंब्याची कलमे प्रकल्प विकत घेणार होता.

"पास करा, सायेब. यंदा वीटभट्टीला जायाचं नाय मना."

तिच्या कलमांच्या, मातीने भरलेल्या पिशव्यांच्या ओळी वाकड्या होत्या. सांध्यांना कलमपट्टीऐवजी दुधाच्या पिशव्या कापून बांधल्या होत्या. मला किळस आली.

"ही कलमं आहेत की जखमा?" मी सगळ्यांसमोर विचारले.

आणि सांधा पक्का आहे का ते पाहायला पहिल्या ओळीतले एकेक कलम शेंड्याला धरून हिसडले.

एकही सांधा सुटला नाही.
मुळे सुटली.

"जगलेली हायत ती, सायेब..."

मी फॉर्मवर रिमार्क लिहिला : नापास.

दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर गेली. मागे उरलेली कलमे पाण्याविना वाळली.

दोन पावसाळ्यांनी ती मला जव्हारच्या बाजारात दिसली. समोर नवी कलमे, तशीच दुधाच्या पिशव्यांनी बांधलेली. शेजारी पत्र्याची पाटी. रंगाच्या दुकानातल्या चाचांनी अक्षरे काढून दिलेली :
'सायबानी नापास केलेली कलमं मिळतील.'

"ही काय थट्टा आहे?"

"थट्टा काहाला? खोटं आसल त पुसा."

मी पुसू शकलो नाही.

तेवढ्यात मोखाड्याचे एक गिऱ्हाईक आले. तिने त्याच्या हाती कलम दिले.
"वढून बघा, दादा. पण पिशवी धरून वढा. सायबानी पिशवी नव्हती धरली."

"येडा होता का गं तुझा सायेब?"

"नाय ओ. लई शिकलेला."

तिने माझ्याकडे पाहिलेही नाही.

पुढे मोखाड्यापर्यंत लोक 'नापास कलमं'च मागू लागले. आमच्याच प्रकल्पाची जीप दर पावसाळ्यात तिच्या दारात उभी राही. यमुनाबाई पुन्हा वीटभट्टीवर गेली नाही.
मला कलम देताना मात्र दर वेळी सगळ्यांसमोर म्हणायची, "सायेब, वढून बघा."
दर वेळी मी पिशवी धरून ओढले.

काल अंत्यविधीनंतर तिच्या सुनेने मला विचारले, "सायेब, आता तरी ती पाटी काढू?"

"नको. नव्याने रंगवून घे."

त्या पाटीत एकच दोष होता. 'सायबानी' हे फार मोघम आहे.
मी माझे पूर्ण नाव कागदावर लिहून तिच्या हाती दिले.

यमुनाबाई, सांधे पक्के होते.
ते मला त्याच दिवशी, रिमार्क लिहिण्यापूर्वी, दिसले होते.

तुला माझा अखेरचा नमस्कार.