काळ्या मातीवरचं अंगण

गंगाखेडला आम्ही घर बांधलं तेव्हा प्लॉटचा मागचा भाग तसाच सोडला होता, आणि पुढं बरीच वर्षं तो तसाच राहिला. दोन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, तिसरीकडं आमचं कंपाउंड, आणि मध्ये शाळेच्या एखाद्या वर्गखोलीएवढी काळी माती. तिथं मी कपडे वाळत घालायची. एका कोपऱ्यात पाण्याची टाकी होती, दुसऱ्या कोपऱ्यात बांधकामातून उरलेल्या विटा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि माझे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. दोघंही दिवसभर बाहेर. त्या जागेकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

मग यजमानांना काचबिंदू झाला. हा आजार नजर कडेकडेनं खातो. आधी त्यांना बाजूनं आलेली मोटारसायकल दिसेनाशी झाली. एकदा पालमच्या रस्त्यावर त्यांनी बस कडेला घेतली, कंडक्टरला खाली उतरून रस्ता मोकळा आहे का बघायला सांगितलं, आणि कशीबशी बस मुक्कामाला नेली. त्या दिवसानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. कुणी सांगायच्या आत स्वतःच डेपोत जाऊन सांगितलं. काही काळ त्यांना बैठं काम मिळालं, नंतर ते घरीच बसले. थेंब चालू होते, ऑपरेशनही झालं. पण गेलेली नजर परत येत नसते, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. मी निवृत्त झाले त्या सुमाराला त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता.

घरात ते नीट वावरत. कुठं काय आहे ते हाताला ठाऊक होतं. बाहेर मात्र माझा खांदा धरावा लागे. कारखाना सुरू झाला की आमच्या गल्लीतूनही उसाच्या ट्रॉल्या जातात, त्यात मोटारसायकली, मोकाट जनावरं. एक दिवस चौकातून परत येताना ते म्हणाले, "ट्रॉलीगत तुझ्यामागं ओढत जायाचं, ह्याला काय फिरणं म्हणायचं?" त्यानंतर त्यांनी फिरायला जाणं सोडलं.

मागच्या जागेचं माझ्या डोक्यात आलं ते तेव्हा. फरशी टाकून वाट करावी, म्हणजे त्यांना मोकळ्या हवेत एकट्यानं चालता येईल, असा साधा विचार होता.

पुण्याच्या मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, सगळीकडं टाइल्स लाव आणि भिंतीला रेलिंग बसव. विषय संपला." मी हे यजमानांना सांगितलं.

"रेलिंग कशाला? दवाखान्यात राहायलोय का मी?" ते म्हणाले.

रेलिंग बारगळलं. टाइल्स मलाच नको होत्या. त्या ओल्या झाल्या की पाय घसरतो, आणि उन्हाळ्यात उजेडानं डोळे दिपतात. मी शाळेतून खेळाच्या मैदानावर मारायची चुन्याची फक्की आणली आणि मातीवर आखायला बसले. दारातून निघणारी वाट भिंतीच्या कडेनं फिरून परत दाराशी यावी, मधल्या जागेत झाडं लावावीत, आणि मागच्या भिंतीला टेकून बसायला एक ओटा असावा. वाटेला खरबरीत शहाबादी फरशी, आणि वळण आलं हे पायाला कळावं म्हणून वळणावर विटा.

यजमान दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांना मी हे सगळं सांगितलं.

"वळणावर विटा लावून काय उपयोग? वळणाच्या आधी कळाय पायजे," ते म्हणाले. "पाटी कुठं असती? घाट लागायच्या आधी असती का घाटात?"

ते पटलं. विटांचा पट्टा मी वळणाच्या अलीकडं घेतला.

भर उन्हाळ्यात काम झालं. मिस्त्री ओळखीचे होते, शाळेची भिंत त्यांनीच बांधली होती. मातीवर मुरमाचा पातळ थर टाकून त्यांनी फरशी बसवली. जमीन दगडासारखी कडक होती, त्यामुळं मला किंवा त्यांना वेगळं काही करावंसं वाटलं नाही. यजमान पहिले काही दिवस काठी घेऊन चालले, मग काठी दारातच ठेवून जाऊ लागले. सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्यांच्या फेऱ्या चालत. विटांवर पाय पडला की ते थोडे थांबत आणि वळत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे. त्यांचा हात आधी पुढं असायचा. हळूहळू तो पाठीमागं गेला. डेपोच्या आवारात गाडी सुटायची वाट बघताना ते तसेच, पाठीमागं हात बांधून फिरत.

पावसाळा लागला. काळी माती पाणी पिऊन फुगते, हे गंगाखेडला कुणालाही सांगावं लागत नाही. भिंतींना तडे जातात ते त्यामुळंच. तरी अंगणाच्या बाबतीत ते आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. फरश्या एकेक करून उचलायला लागल्या. एक वर, शेजारची खाली. फरक बोटभरच असेल. डोळ्यांनी बघणाऱ्याला तो जाणवलाही नसता.

यजमान विटांच्या अलीकडं पडले. मी आत भाकरी करत होते. आवाज ऐकून गेले तर ते बसलेले होते आणि डावा हात उजव्या हातात धरला होता. मनगट मोडलं होतं. रिक्षा करून दवाखान्यात गेलो, प्लास्टर घातलं. येताना रिक्षात ते म्हणाले, "पाय अडखळला म्हणून काय न्हाई. मला वाटलं होतं ती वाट पाठ झाली."

प्लास्टर निघालं, हात बरा झाला. पण ते परत मागं गेले नाहीत. मी दोन-तीनदा विषय काढला.

"तुला दोष द्यायलो न्हाई मी," ते म्हणाले. "मला तिथला भरवसा राहिला न्हाई, एवढंच."

ते रेडिओ लावून खोलीत बसायला लागले. बोलणं कमी झालं. जेवण झालं की आडवे होत आणि भिंतीकडं तोंड करून पडत. मुलगा म्हणाला, "सगळं उखडून काँक्रीट ओतून टाक." काँक्रीट सपाट राहिलं असतं, ते खरं. पण पाय भाजणाऱ्या, उघड्या काँक्रीटवर फिरायला कोण कशाला जाईल, हे मला कळेना. मी काहीच केलं नाही. पाऊस गेला, माती आकसली, फरश्या परत खाली बसल्या, पण वाकड्या. सांध्यांतून गवत आलं.

त्या थंडीत मी अंगण पुन्हा करायला घेतलं. कारण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला हवं आहे म्हणून. खरंही तेच होतं. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत यजमान फिरून आत आले की मी ओट्यावर जाऊन बसत असे. आयुष्यभर घंटेच्या तालावर काम केल्यावर तसं रिकामं बसणं मला आवडलं होतं. यजमान येवोत न येवोत, मला बसायला जागा हवी होती.

मिस्त्रींनी फरश्या काढल्या, वाकून बघितलं आणि म्हणाले, "बाई, आता खोल खांदू. मागल्या बारीला मलाबी वाटलं, कडक हाय तर चालून जाईल."

कंबरेएवढी काळी माती काढली. ती गल्लीतल्या लोकांनीच कुंड्यांसाठी आणि परसात टाकायला नेली. खड्ड्यात मुरूम भरला, पाणी मारलं, धुमसानं ठोकून बसवला, परत भरला. पाणी भिंतीकडं न जाता बाहेरच्या नालीकडं जावं म्हणून फरशीला ढाळ दिला. फरश्यांच्या मध्ये या वेळी सिमेंट भरलं नाही, वाळू भरली. फरशी हललीच तर ती एकटी काढून बसवता यावी म्हणून.

हे सगळं मागच्या खोलीला लागून चाललं होतं आणि यजमान त्याच खोलीत असत. एक दिवस रेडिओ बंद झाला.

"काय करायलेत आता?" त्यांनी दारातून विचारलं.

"तिकडून मुरूम आणून इकडं टाकायलेत."

"तिकडून म्हणजे कुठून? मला तिकडं काय कळतंय?"

मी शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण असं सांगायची मला सवय नव्हती. मग सांगायला लागले. दारातून निघालं की डाव्या हाताला टाकी. टाकीला हात लावून सरळ गेलं की मागची भिंत. त्या भिंतीला ओटा.

"मागच्या भितीला ओटा?" ते म्हणाले. "ती भित पश्चिमेची. दिवसभर तापती, आन संध्याकाळी आग फेकती. मागल्या उन्हाळ्यात मी बसतच नव्हतो तिथं. तू बसायचीस."

मला ती धग जाणवली नव्हती असं नाही. माझी पाठ भिंतीला लागत नसे, मी कडेवर बसायची. ओटा मी टाकीच्या बाजूला घेतला. तिथं शेजाऱ्यांच्या बदामाची सावली पडते.

ओट्याशेजारी चाफा लावावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्याला मी नाही म्हणाले. चाफ्याची फुलं फरशीवर पडून सडतात आणि पाय सरकतो. लिंबू लावायचं माझ्या मनात होतं, ते त्यांनी मोडून काढलं. "वाटेच्या कडंला काटे? माझा सदरा ठेवायचा हाय का फाडायचा?" शेवटी मोगरा, कढीपत्ता आणि जास्वंद यांवर आमचं जमलं. वळणाच्या आधी मी गवती चहा लावला, पायजमा घासला की वास येईल म्हणून. ते कळल्यावर ते म्हणाले, "वास घेऊन वळायचं व्हय आता मी? विटा राहू दे." विटा ठेवल्या. गवती चहाही ठेवला, चहात टाकायला.

पौर्णिमेला बुद्धविहारात गेले तेव्हा एका बाईंनी मला पिंपळाचं रोप दिलं. श्रद्धेनं दिलेलं, नको म्हणता येईना. ते काही महिने कुंडीत ठेवलं. पण पिंपळाची मुळं फरशी उचलायला माती फुगायची वाट बघत नाहीत. पुढं ते मी विहाराच्याच आवारात नेऊन लावलं. तिथं ते चांगलं धरलं आहे.

काम संपलं, तरी यजमान दारापर्यंतच यायचे. मी त्यांना चला म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ते आले नसते. पाऊस आला, गेला. मी रोज सकाळी अनवाणी फिरून बघत होते. फरशी जागची हलली नव्हती. हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही; जेवताना इकडच्या तिकडच्या गोष्टींत एकदा बोलून गेले. त्यांनी ऐकलं आणि वाटी पुढं केली. मी वरण वाढलं.

मग एका बाजाराच्या दिवशी मी भाजी घेऊन आले तर ते खोलीत नव्हते. काठी दाराशी होती. मागं गेले तर ते ओट्यावर बसले होते, चप्पल खाली नीट जोडून ठेवलेली. माझी चाहूल त्यांना लागली.

"मोगऱ्यापाशी एक फरशी डुगडुगायली," ते म्हणाले. "मिस्त्रीला सांगून ठेव."

मी भाजी खाली ठेवली आणि जाऊन बघितलं. खरंच डुगडुगत होती. वाळू मीच कुदळीच्या दांड्यानं ठोकून भरली. मला बरं वाटलं. भाजी निवडायला मी तिथंच बसले.

आता ते रोज जातात. पूर्वीसारखा हात पाठीमागं नसतो. डावा हात थोडा पुढं असतो, तो तसाच राहिला. त्यांचे जुने सोबती येतात, रिटायर झालेले ड्रायव्हर, कंडक्टर. ओट्यावर दाटीवाटीनं बसून कुठल्या रस्त्याचं काय झालं ते बोलतात. मला त्या वेळी बसायला जागा उरत नाही. मी सकाळी लवकर बसून घेते.

या वर्षी शेजारणीनं मला बोलावलं. तिच्या मालकांचं खताचं दुकान आहे. नवं घर बांधलं आहे आणि पुढं थोडी जागा सोडली आहे. "मावशी, तुमच्यासारखं करून द्या ना," ती म्हणाली आणि फोनमध्ये फोटो दाखवले. मोठमोठे पांढरे दगड, मधून हिरवळ, वर छत्री आणि वेताच्या खुर्च्या. यजमान माझा खांदा धरून सोबत आले होते. त्यांनी हातानं कंपाउंडची भिंत चाचपली, ऊन कुठून येतं ते विचारलं. मग म्हणाले, "इथं बसणार कोण?"

शेजारीण थोडी गोंधळली. "आमाला कुठं येळ हाय काका. सासूबाई बसतील."

"मग त्येंना तर विचारा."

सासूबाई आतून हळूहळू आल्या. त्यांच्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची फोटोतल्यासारखी कोपऱ्यात, छत्रीच्या जागी ठेवली. त्या बसल्या, चारी बाजूंना बघितलं, आणि उठल्या.

"हितं मला न्हाई बसायचं," त्या म्हणाल्या. "हितून रस्ता दिसायला न्हाई."

मग मी खुर्ची उचलून फाटकाजवळ नेली, आणि यजमान मला विचारायला लागले की तिथं दुपारी सावली असते का.