खाली गेलेल्या अकरा माना

माझ्या चुकीपायी एका माणसाची जागा गेली आणि त्या जागेवर मी बसलो. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. श्रावणीला जानवं बदलताना संकल्पात कळत-नकळत केलेल्या पापांची एवढी लांब यादी दरवर्षी म्हणतो, पण तिथेही हे मनातल्या मनात घातलं नाही. आता पन्नाशी जवळ आली आहे. माझीच मान दुखू लागली तेव्हापासून ते दाबून ठेवणं जमत नाही.

आमची वेदपाठशाळा पंचगंगा घाटाच्या वर, गल्लीतल्या एका घरात. महाराष्ट्रातून पिढ्यांपूर्वी काशीत आलेल्या घरांतली मुलं तिथे ऋग्वेद शिकतात. घरी मराठी, गल्लीत हिंदी, ओसरीवर संस्कृत. आमच्याकडे स्वर मानेनं शिकवतात. खालच्या स्वराला मान खाली, वरच्याला वर, मधल्याला सरळ. सुरुवातीला गुरुजी मुलाचं डोकं हातात धरून हलवतात. वर्षभरात मान आपोआप हलू लागते, आणि मग जन्मभर थांबत नाही. बाजारात भाजी निवडतानाही आमच्यातला वैदिक ओळखू येतो.

माझ्या गुरुजींनी असं चाळीस वर्षं केलं, आणि त्यांची मानच धरली. सरकारी इस्पितळातल्या गोऱ्या डॉक्टरानं मणक्यांचा संधिवात सांगितला. हा बरा होत नाही, सांभाळावा लागतो, मान हलवणं कमी करा, असं तो म्हणाला. गुरुजी घरी येऊन म्हणाले, "साहेब भला माणूस आहे. कुंभाराला म्हणतो, चाक फिरवू नको."

पण त्यांनी सांभाळलं. तसं सांभाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सकाळी उठताना आधी कुशीवर वळायचे, मग हातावर भार देऊन बसायचे; डोकं सगळ्यांत शेवटी वर यायचं. उशी काढून टाकली आणि पंच्याची गुंडाळी मानेखाली घेतली. गंगेत डुबकी मारताना वाकत नसत. गुडघे मोडून, खांब बुडावा तसे सरळ खाली जात. पाण्याची घागर खांद्यावर घेणं सोडलं आणि दोन हातांत दोन सारखे लोटे आणू लागले. पोथीचा लाकडी चौरंग दोन विटांवर चढवून डोळ्यांच्या पातळीला आणला. दुपारी तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी मानेवर ठेवत. मग खिडकीशी बसून मान हळूहळू एका बाजूला नेत, दुखू लागलं की थांबत, परत आणत. मला म्हणत, "दुखण्याच्या उंबऱ्यापर्यंत जायचं रे. उंबरा ओलांडायचा नाही, पण रोज त्याच्यापर्यंत जायचं. नाहीतर तो पुढे सरकतो." एखाद्या दिवशी खुशीत सांगत, "आज घाटावरच्या मशिदीचा मिनार दिसला, अंग न वळवता."

एक्क्याच्या हादऱ्यानं त्यांना दोन दिवस झोप लागत नसे, म्हणून दशाश्वमेधला जायचं तर नावेनं जात. त्यांना मागे वळून बघता येत नाही हे मल्लाहाच्या ध्यानात आलं होतं. तो चिडवायचा, "गुरूजी, पीछे से मगर आ गया तो?"

"तो मगर को सामने आना पड़ेगा," गुरुजी म्हणत. नावेतली माणसं हसत. गुरुजी समोर बघत राहत.

मुलांना स्वर शिकवायला त्यांनी हात वापरायला सुरुवात केली. तळहात खाली, सरळ, वर. मुलं हात बघून आपल्या माना हलवत. महिनाभरात मुलांना सवय झाली आणि एक स्वर इकडचा तिकडे झाला नाही. मी शेजारी बसून हे पाहत होतो. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी ते पाहिलंच नाही असं वागलो.

मग एका थंडीत त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, बोटांतून लोटा सुटू लागला. दोन महिने अंथरुणात काढावे लागले. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकवत होतो, वय सव्वीस. त्यांनी मला एक अध्याय दिला. "पोथी उघडून शिकव," एवढंच म्हणाले. मी दुपारी एका इंग्रजी शाळेत संस्कृत शिकवायला जात असे, त्यामुळे घाई. अध्याय मला पाठ होता, निदान तसं वाटत होतं. पोथी उघडली नाही. एका शब्दात अक्षराखाली खालच्या स्वराची आडवी रेघ नसताना मी मुलांच्या माना खाली नेल्या. जिभेची चूक सुधारता येते. मानेत बसलेली सुधारत नाही.

उन्हाळ्यात दक्षिणेतून परीक्षक आले. ओसरीवर गावातले वैदिक, पाठशाळेला आश्रय देणारी मंडळी, सगळे. अकरा मुलं रांगेत बसून म्हणू लागली. त्या शब्दापाशी अकराच्या अकरा माना एकदम खाली गेल्या. एक गेली असती तर पोराची चूक ठरली असती. परीक्षकांनी हात वर केला. ऐकण्याआधीच त्यांनी ती चूक पाहिली होती.

"गुरूची मान वळत नाही," ते म्हणाले, "मग शिष्यांच्या भलतीकडे जाणारच."

लोक हसले. गुरुजी माझ्याकडे वळले. त्यांना नुसती मान वळवता येत नव्हती, म्हणून खांदे, छाती, सगळं अंग आसनावरून फिरवून ते माझ्याकडे बघू लागले. तो अध्याय कोणाकडे होता हे त्या ओसरीवर मोठ्यांत दोघांनाच ठाऊक होतं. मी समोरच्या पोथीत बघत राहिलो. ती पोथी त्या वेळी मात्र उघडी होती.

ते पुन्हा तसेच सावकाश, अंगासकट, परीक्षकांकडे फिरले. "पाठशाळा माझी, चूक माझी," म्हणाले.

पुढच्या महिन्यात त्यांना विश्रांती देण्यात आली आणि मला नेमण्यात आलं. मी नमस्काराला गेलो तर त्यांनी चौरंगाखालच्या दोन विटा माझ्यापुढे ठेवल्या. "आत्ताच सवय लाव. माझ्यासारखं उशिरा नको." त्यांनी हेच का बोलावं, हे मला तेव्हा समजलं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. पुढे घरी दोनच मुलं त्यांच्याकडे येत. त्यांना ते हातानं शिकवत राहिले, शेवटच्या वर्षापर्यंत, आणि त्या दोघांच्या पाठात कोणाला काही सापडलं नाही. पण ती परीक्षा गावाच्या लक्षात राहिली.

आता त्यांच्या सगळ्या युक्त्या मी वापरतो. कुशीवर वळतो, लोटे दोन्ही हातांत घेतो. मुलांना हातानं शिकवतो, आणि लोक त्याला माझी पद्धत म्हणतात. गुरुजींची मुलगी जवळच्याच गल्लीत राहते. माझं दुखणं ऐकून ती परवा वाळूची पुरचुंडी कशी बांधायची ते दाखवायला आली.

"बाबांच्या हातून तेवढं एकच चुकलं, भाऊ," ती गाठ मारता मारता म्हणाली. "दुखण्यापुढे माणूस काय करणार. तुम्ही पाठशाळा राखलीत."

मी म्हणालो, "वाळू फार तापली नाही ना, बघ."

"फार नाही," ती म्हणाली, आणि पुरचुंडी माझ्या मानेवर ठेवली.

तिच्या वडिलांच्या शिकवण्यात चूक नव्हती, तो अध्याय मी पोथी न उघडता शिकवला होता, हे मला तिला तिच्या घरी जाऊन सांगायचं आहे, आणि येत्या परीक्षेला त्याच ओसरीवर सगळ्यांसमोर सांगायचं आहे. हे दोन्ही मी अजून देणं लागतो.