वैशूच्या आईच्या बांगड्या

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय. का — ते मलाही नीट उमगलेलं नाही.

आधी माझी खोड सांगते. लहानपणी मी कुंडीत मेथीदाणे पेरायची आणि दुसऱ्या दिवशी उकरून बघायची, मूळ फुटलं का ते. आई म्हणायची, "अगं, उगवू दे की त्याला." पण मला भाजी नकोच असायची. ती कशी उगवते, ते हवं असायचं. ही खोड वाईट म्हणायची का? शाळेत तर तिच्यासाठी मला शाबासकी मिळायची — मुलगी चौकस आहे म्हणून.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही नुकतेच नेरूळच्या नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. मी वर्तनोपचाराचा अभ्यासक्रम करत होते. एखादं मूल स्वतःला चावतं, डोकं आपटतं — तर ते कधी, कशाआधी, कशानंतर, हे मोजायचं आणि मोजता मोजता ते कमी करायचं. माझ्यासारखीला असं काम म्हणजे सणच की! प्रमाणपत्रासाठी अनुभवी उपचारकाच्या देखरेखीखाली तीनशे तास भरायचे होते. प्रत्येक तासाची नोंद वहीत आणि तिच्याखाली आमच्या बाईंची सही. बाई वाशीच्या एका विशेष शाळेत बसायच्या. हुशार, कडक, पोटातून मायाळू — पण ते पोट आम्हाला फार उशिरा कळायचं.

मला मिळाली वैशू. सात वर्षांची, जुईनगरला राहणारी. वडील साताऱ्याकडचे, मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलायचे. वैशू बोलायची नाही. कागदावर 'मतिमंद' एवढा एकच शब्द लिहिलेला, त्यावर तिला सगळ्यांनी सोडून दिलं होतं. ती उजवं मनगट चावायची. इतकं, की तिथली कातडी चपलेच्या टाचेसारखी झाली होती.

पहिले तीन आठवडे मी नुसती बघत बसले. चटईवर वैशू, मोरीशी तिची आई आणि कोपऱ्यात मी, वही घेऊन. एका दुपारी आई भांडी घासत होती. वैशूचं मनगट तोंडाशी गेलं आणि मधेच थांबलं. का थांबलं? मी दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. आईच्या हातातल्या हिरव्या काचेच्या बांगड्या वाजल्या, की पोरगी चावणं विसरून तिकडे कान द्यायची. तुम्हाला सांगते, त्या दिवशी मी घरी जवळजवळ नाचत गेले.

मग ठरलं. वैशूने हात खाली ठेवला, की आईने तिच्या कानाशी बांगड्या वाजवायच्या. खाऊ नाही, रागावणं नाही, फक्त बांगड्या. दीड महिन्यात दिवसाला चाळीसदा चावणारी मुलगी पाच-सहावर आली. मनगटावर नवी, गुलाबी कातडी धरली. आई मला चहात दूध जरा जास्तच घालू लागली. "तुमी आलात आन् माजं लेकरू मला गावलं, ताई," असं एकदा म्हणाली. मी तिला वहिनी म्हणायची. तिला माझे तासही ठाऊक होते. दर वेळी विचारायची, "किती राह्यलं आता तुमचं?"

इथे थांबता आलं असतं.

पण आमच्या विद्येत एक रीत आहे. उपाय लागू पडला हे खात्रीने सांगायचं, तर तो मधेच बंद करून बघायचा. त्रास पुन्हा वाढला, तर फरक उपायानेच पडला होता. मग उपाय परत सुरू करायचा. कागदावर रेघ खाली, वर, परत खाली — फार देखणा आलेख होतो. बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं: स्वतःला इजा करणाऱ्या मुलावर हे करायचं नाही, कधीच नाही. मी ते वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच हाताने लिहिलं होतं.

तरी मला बघायचं होतं. खरंच बांगड्याच होत्या का? की दीड महिना आई तिच्याजवळ बसली, म्हणून फरक पडला? की नुसता योगायोग? हा प्रश्न मला जेवू देईना. वैशू बरी होत होती, ते पुरत नव्हतं. कसं, ते हवं होतं.

मी वहिनींना म्हटलं, "मोठ्या बाईंनी सांगितलंय, दहा दिवस बांगड्या बंद." हे पहिलं खोटं.

त्या म्हणाल्या, न वाजवता ठेवते. मी म्हटलं, काम करताना वाजतातच, काढायलाच लागतील. त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्याकडे सवाष्ण बाई हात मोकळे ठेवत नाही, आणि नवरा पहाटेपासून पाठीवर गोण्या वाहणारा. "येकेक तरी ऱ्हाऊ द्या की," त्या म्हणाल्या. मी खरोखर विचार केला बघा, एखादं गणित सोडवावं तसा. एकटी बांगडीही पातेल्याला लागून वाजेल, म्हणून नाही म्हटलं. त्यांनी साबण लावून एकेक बांगडी उतरवली, रुमालात बांधली, देवापुढे ठेवली आणि दोन्ही मनगटांना हिरवा दोरा बांधला. शेजारीण दारातून डोकावून काहीबाही विचारून गेली. मी वहीत वेळ लिहिली.

वैशूने काय केलं, सांगू? पहिले दोन दिवस ती आईचा हात ओढून कानाशी धरायची. हलवायची. पुन्हा कान लावायची. बंद पडलेला रेडिओ आपण कसा थापटतो, तसं. मग चावू लागली. बारा. सत्तावीस. एकेचाळीस. आणि मी — लिहायला जड जातंय, पण लिहिते — मला आनंद झाला. बरोबर निघालं म्हणून. पाचव्या दिवशी रक्त आलं, सहाव्या दिवशी टाके पडले. वहिनी रोज डोळ्यांनीच विचारायच्या, पुरे का आता? मी म्हणायची, अजून चार दिवस.

आठव्या दिवशी बाईंनी आम्हा सगळ्यांना शाळेत बोलावलं. माझा आलेख समोर घेतला, वर चढलेल्या रेघेवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "इथे काय झालं?"

वहिनी समोरच बसल्या होत्या. मांडीवर वैशू, तिच्या हाताला पट्टी. माझे अकरा तास राहिले होते.

मी म्हटलं, "आईने मधेच बंद केलं, बाई."

बाईंनी त्यांचे मोकळे हात पाहिले. मग जे बोलल्या ते सगळं आठवतं मला. बांगड्या फुटतात म्हणून जपून ठेवल्या का, पोरीपेक्षा काच जड झाली का, शिकलेली मुलगी तुमच्या दारात येते त्याची किंमत नाही. बाहेर बाकावर बसलेले दोन पालकही ऐकत होते. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. जरा वेळ, नीट पाहिलं — मी वैशूकडे पाहायची तसं. मग म्हणाल्या, "चुकलं माजं, बाई."

का म्हणाल्या असतील? माझे तास जातील म्हणून? शिकलेल्यांपुढे आपलं कोण ऐकणार म्हणून? की मला घालवलं तर लेकराचं काय, असा हिशेब करून? इतकी वर्षं मी हेही उकरून बघतेय. जुईनगरला जाऊन विचारणं अवघड नव्हतं. पण मी गेले नाही. चौकस म्हणवणारी मी, तेवढं एक मात्र कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बांगड्या परत वाजू लागल्या. रेघ खाली आली, पण फार सावकाश आणि आधीच्या जागी नाही. माझे तास संपेपर्यंत वहिनींनी चहा दिला, दूध तेवढंच घातलं. फक्त एक बदललं. पूर्वी मी आले, की वैशूला माझ्यावर सोपवून त्या पाणी भरायला जायच्या. नंतर कधी गेल्या नाहीत. हंडे रिकामे राहिले तरी दारात बसून राहायच्या.

प्रमाणपत्र मिळालं. पुढे बरीच मुलं माझ्या हाताखालून गेली, त्यांच्या आया मला देव मानतात. तासांची ती वही अजून माझ्या कपाटात आहे. वहिनींनी माझी चूक आपल्या माथी घेतली, तो शाळेतला एक तास बाईंनी देखरेखीचा तास म्हणून धरला. तोही माझ्या तीनशेमध्ये आहे, खाली सही आहे.