पहारा मागून न्यावा

भानूबाई मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्यांची उंची साधारण शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाएवढी होती. पुढे त्या चार फूट दहा इंच निघाल्या, पण उशिरा आलेल्या मुलाला वर्गाच्या दारातून तसंच दिसतं. त्यांनी "या" म्हटलं आणि नारायण पेठेतल्या आमच्या शाळेच्या कौलांवरची कबुतरं उंचीनुसार रांगेत उभी राहिली, फळ्यावरची शून्यं पोट आत घेऊन सरळ झाली, आणि माझ्या खिशातली चिंच भीतीने आणखी आंबली.

उशीर का झाला, असं त्यांनी विचारलं. खरं तर मी वाटेत माकडवाल्याचा खेळ बघत उभा राहिलो होतो. सायकलची हवा गेली, असं ठोकून दिलं. बाईंनी विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, तर दुसऱ्या दिवशी घरचा पंप पिशवीत घालून आणला. बिबवेवाडीचं तुझं घर लांब आहे, राहू दे तुझ्याकडे, म्हणाल्या. मारकुट्या मास्तरांचे वळ दोन दिवसांत जातात. तो पंप मी वर्षभर सायकलला बांधून, मान खाली घालून हिंडलो.

हे १९८४ सालचं. श्यामला भानू कसबा पेठेतून चालत यायच्या आणि आम्हा नववीच्या मुलांना गणित शिकवायच्या. परीक्षेच्या दिवशी पेपर वाटले की त्या आपल्या खुर्चीवर एक पाटी टांगत आणि निघून जात. पाटीवर लिहिलेलं असे: 'या वर्गावर पहारा नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी शिक्षकांच्या खोलीतून मागून न्यावा.' मग तिकडे बसून त्या मंडईतून आणलेली भाजी निवडत.

आमचे मुख्याध्यापक शरच्चंद्र मेहेंदळे यांना हे अजिबात पसंत नव्हतं. त्यांनी प्रत्येक वर्गाच्या दाराला एक भोक पाडून घेतलं होतं आणि परीक्षेत त्यातून त्यांचा एक डोळा शाळाभर फिरत असे. भानूबाईंनी आपल्या दाराच्या भोकावर आतून कॅलेंडर लावलं होतं. एक जरी कॉपी सापडली तरी पाटी काढीन, असं मेहेंदळे सर म्हणत. ती सापडत नव्हती, याचं त्यांना फार दुःख होतं.

वार्षिक परीक्षेला मी ते दुःख दूर करणार होतो. आमच्या वडिलांनी, हिंदुरावांनी, स्पष्ट सांगितलं होतं की नापास झालास तर शाळा बंद आणि उद्यापासून चुलत्याच्या वीटभट्टीवर. म्हणून भूमितीची सगळी प्रमेयं मुंगीच्या अक्षरात उतरवून मी मोज्यात घातली होती. इतक्या मेहनतीत ती पाठ झाली असती, हे तेव्हा सुचलं नाही.

पेपर सुरू झाला, बाई गेल्या. हात मोज्याकडे जायचा आणि डोळे पाटीकडे. खाली सायकलला तो पंप बांधलेला होता. अर्धा तास असा काढून मी उठलो आणि शिक्षकांच्या खोलीत गेलो.

"बाई, पहारा पायजे."

"कोणाला?"

"मला."

कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. "थांब, गवार घेते," म्हणाल्या.

वर्गात येऊन त्या माझ्या पुढच्या बाकावर बसल्या, माझ्याकडे पाठ करून, आणि गवार मोडू लागल्या. कट, कट, कट. चाळीस मुलांचे डोळे माझ्यावर होते, फक्त पहारेकऱ्याचे सोडून. शेवटी न राहवून मी हळूच विचारलं, "बाई, तुमी बघत न्हाई का?"

"तू पहारा मागितलास. बघायचं काही ठरलं नव्हतं."

मोजा जागचा हलला नाही. मला शंभरात सत्तावीस मार्क पडले.

निकालाच्या संध्याकाळी बाई बस पकडून बिबवेवाडीला आल्या. वडील अंगणात बाजेवर बसले होते, मी गोठ्यामागे लपून ऐकत होतो.

"तुमचा मच्छिंद्र नापास झालाय," बाई म्हणाल्या, "पण स्वतःच्या अकलेवर. कॉपीची सगळी सोय असताना. याला आणखी एक वर्ष द्या."

वडिलांनी बराच वेळ विचार केला. "म्हंजे नापासच की."

"नापासच."

"बरं. एक वरीस बघू."

पुढच्या वर्षी एक्केचाळीस पडले, पहारा न मागता. आज चार अक्षरं लिहून मी पोट भरतो, तो सगळा त्या एका वर्षाचा आणि त्या पाठमोऱ्या बाईंचा प्रसाद आहे. मोज्यात काय होतं, हे मी त्यांना बऱ्याच वर्षांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "लंगडत आला होतास." पंपाचं मात्र सांगायचं राहिलं, आणि परत करायचंही.

१९९१ साली बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या पाटीच्या मागच्या बाजूवर 'चपला बाहेर काढाव्यात' असं लिहून शाळेने ती प्रयोगशाळेच्या दाराला लावली.